पँटीखालची टाच

महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायचं तर पुरुषाची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, आणि ती अनवाणी मोजतात. पुसदच्या बाहेरच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या पोट्ट्यांना हा आकडा पाठ असतो. म्हणून भरतीला जाणारा पोरगा टाचेच्या नादी लागत नाही. तो बारला लटकतो, दोरीवरच्या उड्या मारतो, आणि बाकीचं नशिबावर सोडतो. टाचेच्या नादी लागतो तो त्याचा थोरला भाऊ. त्याच्या बायोडेटात उंची ५ फूट ७ इंच लिहिलेली असते आणि प्रत्यक्षात ती ५ फूट ५ असते. मधले दोन इंच भरून काढायला बुटाच्या आत, इनसोलच्या खाली, रबराची किंवा सिलिकॉनची एक पाचर सरकवलेली असते. बाहेरून बूट चारचौघांसारखाच दिसतो.

हे बूट घालणारे गावात किती, हे कोणी सांगू शकणार नाही. सांगता आलं तर त्या बुटांचा उपयोगच संपला. पण ऑनलाइन मागवलेली ती पाचर कुरिअरनं तालुक्याच्या गावांपर्यंत पोचते आहे. जाड तळव्याचे पांढरे स्पोर्ट्स शूज तर राजरोस विकले जातात. त्यांच्या फोमच्या तळात दीड-दोन इंच सहज मुरतात आणि कोणी त्यांना हाय हील म्हणत नाही. या लपवाछपवीचा माग काढत मागं गेलं की गंमत दिसते. पुरुषाची टाच जन्मली ती लपवण्यासाठी नव्हे. ती घोड्यावर बसायला लागत होती, आणि पुढं ती मिरवली गेली.

इराणच्या घोडेस्वारांच्या पायात उंच टाच दहाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. कारण साधं होतं. स्वाराला रिकिबीत उभं राहून धनुष्य ताणायचं असे, आणि टाच असली की पाय रिकिबीत अडकून स्थिर राही. १५९९ मध्ये शाह अब्बासनं आपला वकील युरोपच्या दरबारांत धाडला. ऑटोमन तुर्क हे दोघांचेही शत्रू, त्यामुळे इराणचं भारी कौतुक सुरू झालं आणि त्या कौतुकाबरोबर युरोपच्या सरदारांनी इराणी टाचही उचलली. घोड्यावरून उतरल्यावरसुद्धा त्यांनी ती काढली नाही. चिखलानं आणि उंचसखल दगडांनी भरलेल्या रस्त्यावर टाचेवर चालणं गैरसोयीचं होतं, आणि तीच तिची शान होती: ज्याला राबायचं नाही, चालायचं नाही, त्यालाच असला जोडा परवडतो.

या शानीचा कळस म्हणजे फ्रान्सचा चौदावा लुई. त्याची उंची साधारण ५ फूट ४ इंच होती असं सांगतात, म्हणजे आमच्या शिपाई भरतीत पहिल्याच टेबलावरून तो घरी गेला असता. पण राजा होता. त्याच्या टाचा चार इंचांपर्यंतच्या, आणि वर लाल रंगवलेल्या. १६७०च्या दशकात त्यानं ठरवून टाकलं की लाल टाच फक्त त्याच्या दरबारातल्यांनी घालायची. हायसिंथ रिगोनं १७०१ मध्ये काढलेलं त्याचं चित्र पाहा. साठी उलटलेला राजा अंगरखा बाजूला सारून, पांढऱ्या मोज्यांतली पोटरी पुढं काढून उभा आहे आणि टाचांचा लाल रंग आपल्याला दिसेल याची त्यानं पुरती काळजी घेतली आहे. पुढं तीनशे वर्षांनी याच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या बुटांच्या टाचांवर वर्तमानपत्रं बातम्या करत होती, आणि त्या बातम्यांचा सूर चोरी पकडल्याचा होता. देश तोच, बुटकेपणही थोडंफार तेच. मधल्या काळात टाचेनं अब्रू गमावली होती.

ती गेली अठराव्या शतकात. बायकांनी टाच घेतली ती सतराव्या शतकात, पुरुषी फॅशन म्हणूनच. केस आखूड, डोक्यावर पुरुषी टोपी, तोंडात चिलीम, पायात टाच. हळूहळू बायकांची टाच निमुळती झाली, पुरुषांची रुंद आणि बुटकी. मग युरोपात विवेकाचं वारं आलं. पुरुष म्हणजे बुद्धी, काम, साधेपणा. नटणं-मुरडणं बायकांचं, अशी वाटणी झाली. १७४०च्या सुमारास पुरुषांच्या पायातली उंच टाच गेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आसपास बायकांनीही ती टाकली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला परत आली ती फक्त त्यांच्याकडे. घोड्यावरच्या माणसापाशी तेवढी ती टिकली. अमेरिकेतला गुराखी उंच टाचेचा बूट घालतो आणि त्याच्या मर्दानगीवर कोणी शंका घेत नाही. हा सगळा इतिहास टोरांटोच्या बाटा शू म्युझियमनं २०१५ मध्ये एका प्रदर्शनात मांडला होता, खास पुरुषांच्या टाचांवर. शाळेचे काळे बूट ज्या बाटाचे आपण घातले, त्याच घराण्याचं हे संग्रहालय.

आता आपल्याकडे. मराठी स्वारही घोड्यावरच जगला, पण त्याच्या जोड्याला तशी टाच आली नाही. भाला आणि तलवार चालवणाऱ्याला रिकिबीत तेवढं रोवून उभं राहावं लागत नसेल, हे एक कारण असेल. मला दुसरं कारण जास्त पटतं. आपला जोडा हा काढण्यासाठी केलेला असतो. देवळात, घरात, बैठकीवर, पंगतीत, थोरामोठ्यांसमोर तो काढायचा. जो दिवसातून वीस वेळा काढायचा तो सैल, सपाट, पाय झटकला की निघणारा हवा. उंच टाच पायाला घट्ट धरून बसली नाही तर माणूस तोंडावर पडतो.

अपवाद खडावांचा. दोन लाकडी ठोकळ्यांवर उभी असलेली फळी आणि अंगठ्याशी धरायची खुंटी: उंचीचा हिशेब केला तर खडावा कुठल्याही दरबारी टाचेला हार जात नाहीत. पुसदहून माहूरला दत्तशिखरावर जाणाऱ्यांना पादुकांचं महत्त्व सांगायला नको. पण खडावा घालणारा साधू उंच दिसण्यासाठी त्या घालत नव्हता. त्याला चामडं वर्ज्य होतं आणि पाय जमिनीपासून वर हवा होता.

आणि इथली काळी माती! कापसाची ही जमीन पावसाळ्यात पायाला सोडत नाही. आषाढात शेतातून परतणाऱ्याच्या वहाणेला चिखलाचे इतके थर चिकटतात की माणूस आपोआप दोन इंच वाढलेला असतो, आणि बांधावरच्या दगडावर ती उंची खरवडूनच घरात शिरतो. अशा मातीत निमुळती टाच रुतून बसणार. हाय हीलला इथं जमीनच अनुकूल नव्हती.

तरी ती आली. आली ती बुटाबरोबर, आणि बूट आला कचेरीबरोबर. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुसद पुढं बासीम, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात गेलं आणि १९०५ पासून यवतमाळात. वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं त्याच सुमारास साहेबापुढं जोडे काढावेत की नाहीत, या प्रश्नानं देशभर रण माजलं होतं. सरकारनं १८५४ मध्ये सवलत दिली ती अशी: विलायती पद्धतीचे बूट घालणाऱ्या देशी माणसांनी काही प्रसंगी ते पायात ठेवावेत, देशी जोडेवाल्यांनी मात्र काढावेत. १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला आणि ते प्रकरण गाजलं. शिकलेल्या माणसानं यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. बूट घातला की उंबरठ्यावर वाकावं लागत नाही, आणि बुटाला पाऊण-एक इंच टाच असतेच. वकील, मास्तर, कारकून यांच्या पायात टाच शिरली ती अशी, मानमरातबाच्या वाटेनं. उंचीचं नावही कोणी काढलं नव्हतं.

उंचीचं नाव निघालं १९७०च्या दशकात. विलायतेत आधीच्या दशकात बीटल्सनी क्यूबन टाचेचे बूट घातले होते, मग डेव्हिड बोवी आणि एल्टन जॉन यांनी प्लॅटफॉर्मवर चढून कहर केला. आपल्याकडे हे सगळं हिंदी सिनेमातून झिरपलं. पुसदचे वसंतराव नाईक मुंबईत मुख्यमंत्री होते, १९६३ पासून १९७५ पर्यंत. तरी गावात रेल्वे नव्हती, फॅशन एसटीनं यायची. आली की शिंप्याकडे रांग. बेलबॉटमचा बॉटम २२ इंच ठेवायचा की २४, यावर वाद. ‘जंजीर’ १९७३चा, ‘दीवार’ आणि ‘शोले’ १९७५चे. पडद्यावरचा नायक सहा फुटांच्या वरचा, आणि खाली बाकावर बसलेल्या पब्लिकची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास. ही दरी कुठंतरी भरायलाच हवी होती.

बेलबॉटमचं खरं काम इथं कळतं. ती पँट गुडघ्यापासून घंटेसारखी पसरत जमिनीला टेके आणि बुटाला पूर्ण झाकून टाके. आत काय आहे ते कोणाला दिसणार? दोन इंच टाच, तीन इंच टाच. पँट लोळून झिजायची म्हणून खालच्या दुमडीला आतून चेन शिवून घेत, दातऱ्या-दातऱ्याची, पितळेची. ती फरशीवर खरखर वाजायची. मिळालेल्या टाचेवर ज्याचं भागत नसे तो जोडे शिवणाऱ्याकडे जायचा. रापीनं कापलेले चामड्याचे किंवा टायरच्या रबराचे आणखी दोन थर टाचेला ठोकून घ्यायचे, वर नाल. या कारागिराला सगळं माहीत असे: कोणी किती वाढवली, लग्नाआधी वाढवली की नोकरीच्या मुलाखतीआधी. तो बोलत नसे. केवळ टाच वाढवून भागत नाही, बुटाचा पुढचा भागही थोडा उचलावा लागतो, नाहीतर पाय पुढं घसरून बोटं चेमटतात, हे ज्ञान त्याच्या आरीला होतं.

याच दशकाच्या तोंडाशी, १९७१ मध्ये, ५ फूट ५ इंचांचा सुनील गावसकर वेस्ट इंडिजच्या गोलंदाजांसमोर उभा राहिला आणि चार कसोटींत ७७४ धावा करून आला. पोरं त्याचे स्कोअर तोंडपाठ म्हणायची आणि संध्याकाळी तीन इंचांच्या टाचेवर चढून बाजारात फिरायची. यात त्यांना काहीच विसंगत वाटत नव्हतं. मलाही वाटत नाही. चेंडू खेळणं वेगळं आणि बघितलं जाणं वेगळं.

१९८०च्या दशकात पँटी अरुंद झाल्या आणि टाच उघडी पडली. उघडी पडली म्हणून ती बुटाच्या आत गेली. आजचा उंची वाढवणारा बूट हे त्या बेलबॉटमचंच अपत्य आहे. पूर्वी झाकण कापडाचं होतं, आता चामड्याचं आहे, एवढाच फरक.

पण आतल्या टाचेला आपला उंबरठा वैरी आहे. पाहुणा दारात आला की बूट काढणार. दोन इंच दाराबाहेर राहतात आणि पोहे खायला उरलेला माणूस येतो. आत्याबाई दारातून बघत असतात. लग्नात तर पाटावर उभं राहायचं ते अनवाणी, आणि अंतरपाट दूर झाला की समोरचं माप उघडंच असतं. स्वागत समारंभात मोजडीच्या आत पाचर घालून गमावलेलं थोडं परत मिळवता येतं. तिथं नवरीनंही हील घातलेली असते, म्हणजे जमाखर्च पुन्हा तिथंच.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि त्याला उंचीशी कर्तव्य नाही. त्याला टाच आवडते, बस्स. टाचेवर चालताना पाठ ताठ होते, पाऊल ठाम वाजतं, ते त्याला हवं असतं. तो लांब पँटीखाली रुंद टाचेचा बूट घालून बँकेत जाऊन येतो आणि कोणी ओळखलं नाही याचं समाधान घेऊन परततो. बायकांच्या सँडल दुकानात बहुधा ८ नंबरापर्यंतच मिळतात, त्यामुळे आधी त्याचं अडत होतं; आता मोबाइलवर मागवता येतं. त्याच्याबद्दल लोक लगेच नाही नाही ते ठरवून मोकळे होतात. त्यांनी रिगोचं चित्र एकदा पाहावं. या माणसाच्या पायात जे आहे ते दीडशे वर्षं राजे आणि सेनापती मिरवत होते. त्याला लपवायला लावणारी समजूत तुलनेनं कालची आहे.

शरीराचं गणित मात्र कोणालाच सवलत देत नाही. टाच चढली की वजन चवड्यावर येतं; रोज घालणाऱ्याच्या पोटरीचे स्नायू आखडतात, घोटा मुरगळायला एक खड्डा पुरतो, आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांची वाण नाही. सुटी पाचर बुटात टाकली तर टाच बुटाच्या काठाबाहेर येते आणि चालताना निसटते. त्यापेक्षा आतूनच तसा बांधलेला, लेसचा, रुंद टाचेचा बूट बरा. सुरुवात एका इंचानं करावी आणि पावसाळ्यात तो कपाटात ठेवावा. आणि आवडीनंच घालत असाल तर पुढच्या वेळी शिंप्याकडे जाल तेव्हा पँटीची लांबी टाचेच्या वर ठेवायला सांगा.