ज्यूरीचा विसंगत कौल

एकाच मनुष्यावर, एकाच पुराव्याच्या आधारें, अनेक आरोप ठेवले जातात. ज्यूरी त्यांतील एका आरोपाबाबत त्याला दोषी आणि दुसऱ्याबाबत निर्दोष ठरवते. हे दोन्ही निर्णय एकमेकांशीं जुळत नसतील, तर शिक्षा कायम राहावी काय? अमेरिकेंतील न्यायालयांपुढें हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे.

त्या देशांत दारूबंदी असतांना एका इसमावर तीन आरोप होते: विक्रीसाठीं दारू ठेवून सार्वजनिक उपद्रव करणें, दारू जवळ बाळगणें व ती विकणें. पुरावा तिहींना एकच. ज्यूरीनें पहिल्या आरोपाखालीं त्याला दोषी ठरविलें व बाकी दोहोंतून मुक्त केलें. जवळ दारूच नव्हती, तर ती विक्रीसाठीं ठेवली कशी? तरीही ११ जानेवारी १९३२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा कायम केली. निकाल ९० वर्षांच्या न्यायमूर्ति होम्स यांनीं दिला. न्यायासनावरील त्यांचा तो अखेरचा दिवस. प्रत्येक आरोप जणूं स्वतंत्र खटलाच, म्हणून कौलांत सुसंगति आवश्यक नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. न्यायमूर्ति बटलर यांचें मत मात्र विरोधी पडलें.

विहित न्यायप्रक्रियेवांचून कोणाचेंही स्वातंत्र्य हिरावूं नये, असें अमेरिकेची राज्यघटना सांगते. या वचनाचा आधार घेऊन पुढें आक्षेप निघाले. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्कमधील एका खटल्यांत असा आक्षेप फेटाळला. तेथें तर ज्यूरीही नव्हती. एकट्या न्यायाधीशानें एका आरोपीस सोडून त्याच्या सहआरोपीस दोषी ठरविलें होतें. या भेदाचें कारण सांगण्याचें बंधन राज्यघटना घालीत नाहीं, असा निर्णय झाला.

१९८४ सालीं न्यायमूर्ति रेह्नक्विस्ट यांनीं जुन्या नियमाची कारणें स्पष्ट केलीं. विसंगति चुकीनें आली, तडजोडीनें आली कीं दयेनें, हें कोणास कळणार? ज्यूरीच्या खोलींतील चर्चेची चौकशी करणें इष्ट नाहीं. शिवाय सुटकेविरुद्ध सरकारला अपील नाहीं. मग विसंगतीचा लाभ आरोपीनेंच कां घ्यावा? त्याला संरक्षण एवढेंच, कीं दोषी ठरविण्यापुरता पुरावा होता कीं नाहीं, हें वरिष्ठ न्यायालय स्वतंत्रपणें तपासतें.

२०२४ सालीं नियमाची दुसरी बाजू दिसली. जॉर्जिया राज्याच्या न्यायालयानें परस्परविरोधी म्हणून सुटका व शिक्षा दोन्ही रद्द केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें सांगितलें, कीं ज्यूरीनें दिलेली सुटका अंतिमच. त्या आरोपासाठीं पुन्हां खटला नाहीं.

ज्यूरीची दया सुरक्षित राहावी म्हणून तिची चूकही कायद्यानें सहन केली आहे. त्या चुकीची किंमत मात्र क्वचित् एखाद्या मनुष्यास तुरुंगांत मोजावी लागते.