मध्यरेषा आणि टोपणनाव

वाशीममध्ये मध्यमेश्वराचं देऊळ आहे. देव महादेव, पण नावातला ‘मध्यम’ भूगोलातून आलेला. पृथ्वीची मध्यरेषा आमच्या गावावरून जाते, असं वाशीमकर पाहुण्याला सांगतो आणि पाहुणा बहुधा गालातल्या गालात हसतो. हसण्याआधी त्याने सातव्या शतकातला ‘महाभास्करीय’ उघडावा. पहिल्या भास्कराने त्यात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या रेषेवरच्या ठिकाणांची यादी दिली आहे. दक्षिणेकडून वर येताना अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, अलीकडे वत्सगुल्म लागतं. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम. पुढे ‘लीलावती’कार भास्कराचार्यांच्या ११८३ सालच्या ‘करणकुतूहला’तल्या यादीतही हे नाव कायम राहिलं. ग्रीनिचची रेषा जगाने मान्य केली १८८४ साली. त्याआधी हजारभर वर्षं इथले ज्योतिषी ज्या रेषेवरून ग्रहांचं गणित मांडत होते, तिच्यावर वऱ्हाडातलं हे गाव होतं.

आता नकाशा काढून तपासलं तर गंमत दिसते. उज्जैन साधारण ७५.८ पूर्व रेखांशावर, वाशीम ७७.१ वर. म्हणजे एका रेषेवर नाहीतच. मध्ये सुमारे १४० किलोमीटरचं अंतर. सूर्याच्या हिशेबाने वाशीम उज्जैनपेक्षा पाच-साडेपाच मिनिटं पुढे. यादीतलं कुरुक्षेत्र मात्र वाशीमच्या जवळपास डोक्यावर, जेमतेम मिनिटाच्या फरकाने. दुर्बिणी नव्हत्या, नेमकी घड्याळं नव्हती, त्या काळात एवढी चूक म्हणजे खरं तर कौतुकाची गोष्ट. आणि हातात विज्ञानकथेची वही असलेल्या माणसाला तर ही हरवलेली पाच मिनिटं आयती मिळाली.

या गावाला अशा हौशी लेखकाचा शेजार नवा नाही. वाकाटकांची जी शाखा वत्सगुल्माहून राज्य करत होती तिचा मूळ पुरुष सर्वसेन, चौथ्या शतकातला. राज्य हा त्याचा पेशा. पण त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं. काव्य आज हाती नाही. तरी आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडिताने पाच शतकांनंतर त्याची आठवण काढावी, एवढं ते पोचलं होतं. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मातच लावून दिलं. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला उजेडात आला. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेलं ते गावाचं दानपत्र आहे, आणि दान दिलेल्या गावाचं नाव आकासपद्द. आकाशाच्या नावाचं गाव इनाम दिल्याचा कागद, तोही तांब्याचा! कल्पनेने रचायला गेलो असतो तर कुणी विश्वास ठेवला नसता.

ही सगळी जुनी पुण्याई सांगायचं कारण वेगळंच आहे. पोटापाण्याचं काम एक आणि लिहिण्याची हौस दुसरी, ही सर्वसेनाची तऱ्हा मराठी विज्ञानकथेने जशीच्या तशी उचलली. मराठीत विज्ञानकथा लिहून घर चालवलेला माणूस शोधावा लागेल. हे लेखन उभं राहिलं ते दिवसा प्रयोगशाळा, दवाखाना, कारखाना, नाहीतर बँकेचा काउंटर सांभाळणाऱ्यांच्या रात्रीच्या तासांवर. त्याला पोसलं ते मासिकांनी, दिवाळी अंकांनी आणि स्पर्धांनी.

सगळ्यात प्रसिद्ध तास आहे तो मात्र दिवसाचा, आणि तोही चोरलेला. १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा जाहीर केली होती. केंब्रिजहून परतून दोनच वर्षं झालेले जयंत नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. अहमदाबादच्या एका परिसंवादात व्याख्यान रटाळ चाललेलं, समोर कोरे कागद. त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. ‘कृष्णविवर’ ती हीच. पण पाठवायची कशी? नाव पाहून परीक्षक भारावले तर स्पर्धेला अर्थ काय? म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना.चं ना. वि. ज. झालं आणि नारायण विनायक जगताप नावाचा लेखक जन्माला आला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली. गणितात पीएचडी मिळवणाऱ्या बाईंनी केलेली ही लेखनिकी मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात सहसा दोन ओळींत उरकली जाते.

जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

मग टोपणनावाचा बुरखा गळाला, मासिकांच्या संपादकांनी गोष्टी मागायला सुरुवात केली. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ चा. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः खगोलशास्त्रज्ञ असून ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी कादंबरी लिहून बसले होते, तेव्हा शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं शिष्याला कमीपणाचं वाटण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडच्या विद्वानांना मात्र तो प्रश्न बराच काळ पडत राहिला, आणि साहित्यिकांना त्याची दुसरी बाजू: हे साहित्य तरी आहे का?

नारळीकरांपासूनच सुरुवात झाली, असं मात्र समजू नये. ज्यूल व्हर्न मराठीत आला तो कोचीनहून. ‘केरळ कोकिळ’ नावाचं मराठी मासिक तिथून निघायचं, कृष्णाजी नारायण आठल्ये ते चालवायचे, आणि चंद्रावरच्या सफरीची गोष्ट त्यातून क्रमशः छापली गेली. आठल्ये शाळामास्तरही होते आणि चित्रकारही. म्हणजे इथेही पेशा आणि हौस यांची सरमिसळच. ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे घराघरांत पोचलेल्या नाथमाधवांनी ‘श्रीनिवासराव’ लिहिली, तिला मराठीतल्या पहिल्या विज्ञान कादंबरीचा मान दिला जातो. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नची पुस्तकं अशी मराठीत आणली की फास्टर फेणेच्या वाचकांना कॅप्टन निमोही आपल्याच आळीतला वाटावा. ‘उडती छबकडी’ ही त्यांची स्वतःची भर. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काचं घर दिलं. त्या घरात भुताच्या शेजारी यंत्रमानव राहायचा आणि दोघांचं बरं जमायचं. नारायण धारप हे त्या शेजाराचं उत्तम उदाहरण. शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचं, कीर्ती भयकथांची, आणि मधूनमधून चोख विज्ञानकथा. मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांनी पुढे ‘शुद्ध’ विज्ञानकथा वेगळी काढण्यासाठी बरीच चाळण लावली. वाचनालयात रांग लावणाऱ्याला त्या चाळणीशी काही देणंघेणं नव्हतं.

१९७५ नंतरच्या दोन दशकांत जी नावं पुढे आली, त्यांच्या नोकऱ्यांची यादी मोठी मजेदार होते. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले जीवशास्त्रज्ञ. निरंजन घाटे भूशास्त्र शिकून आकाशवाणीत गेलेले. सुबोध जावडेकर रसायन अभियंते. अरुण मांडे नगरचे डॉक्टर. लक्ष्मण लोंढे बँकेत. लोंढ्यांनी चिंतामणी देशमुखांबरोबर ‘देवासि जिवे मारिले’ ही कादंबरी लिहिली. दोघांनी मिळून कादंबरी लिहिणं हे मराठीत तसं विरळाच. १९९३ मध्ये फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला. त्यात कन्नड, तमिळ, हिंदी, बंगाली लेखक आहेत. पण नारळीकर, लोंढे, जावडेकर, घाटे, मांडे, शुभदा गोगटे आणि स्वतः फोंडके अशी मराठी मंडळींची जी रांग लागते ती कुणाच्याही डोळ्यांत भरेल. जालन्याच्या रेखा बैजल, नंतरच्या मेघश्री दळवी, स्मिता पोतनीस यांनी ही रांग पुढे नेली.

हौशीपणाचे गुणदोष या कथांवर स्वच्छ उमटलेले आहेत. रविवारी बसून लिहायची म्हणजे गोष्ट आटोपशीर हवी. दिवाळी अंकाला तेवढीच जागा असते. त्यामुळे मराठी विज्ञानकथा लघुकथेतच रमली, आठशे पानांची अवकाशगाथा तिने फारशी मनावर घेतली नाही. कल्पना एकच, पण कडक. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये माणसाची डावी-उजवी बाजू उलटते आणि त्याची साक्ष देतो गणपती. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठे पानिपत जिंकतात. इंग्रजी रूपात ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली आणि पानिपताचं नाव काढताच खाली मान घालणाऱ्या मराठी मुलांना निदान एका धड्यापुरता विजय मिळाला. उणीव म्हणावी तर पात्रांची. पुष्कळ कथांत प्राध्यापक बोलतो, सहायक विचारतो आणि बाई चहा आणते. समीक्षकांनी हा आक्षेप घेतला तो चुकीचा नव्हता. प्रयोगशाळेत दिवस काढणाऱ्याला माणसांपेक्षा उपकरणांचे स्वभाव जास्त ठाऊक असावेत, यात नवल नाही. पण छापून आलेल्या गोष्टीत ते खटकतंच.

वाशीमसारख्या ठिकाणी हे सगळं पोचलं ते दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी अंकांची प्रथा १९०९ सालची, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’पासूनची. नंतर ती इतकी फैलावली की तालुक्याच्या वाचनालयातही कार्तिकात वर्गणीदारांची गर्दी व्हायची. अंक यायचे एष्टीने किंवा अकोला-पूर्णा मार्गावरच्या मीटरगेज गाडीने. तो मार्ग ब्रॉडगेज झाला २००८ मध्ये. कापूस वेचणीला आलेला, आणि घरात एका अंकावर चौघांची पाळी. विज्ञानकथेचं पान त्यात ठरलेलं, शेवटच्या भविष्याच्या जरा अलीकडे. एका भविष्यात कृष्णविवर, दुसऱ्यात साडेसाती!

आणि या मुलखाला विषयांचा तोटा कधीच नव्हता. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडपासून तीसेक किलोमीटरवर लोणार आहे. आकाशातून आलेल्या दगडाने बेसॉल्टच्या कातळात पाडलेलं, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. २०२० च्या जूनमध्ये तिथलं खारं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर्कांना ऊत आला. शेवटी कारण निघालं मिठावर जगणारे सूक्ष्मजीव. खुद्द वाशीम जिल्ह्याचा इतिहासही काळप्रवासाला शोभेल असाच. इंग्रजांचा बासीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यात विरघळला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा प्रकट झाला. ज्याचा जन्म बासीम जिल्ह्यात झाला आणि ज्याने नव्वदी ओलांडून वाशीम जिल्हा पाहिला, त्याला मधल्या काळात गाव सोडावं लागलं नाही.

२०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. प्रकृतीमुळे त्यांना मंडपात जाता आलं नाही. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. तेव्हा आलेल्या आठवणींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची, आणि ते सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. ज्या माणसाने पहिली गोष्ट दुसऱ्याच्या अक्षरात आणि खोट्या नावाने धाडली, त्याच्या हातचं पोस्टकार्ड कितीतरी गावांतल्या घरांत अजून जपून ठेवलेलं आहे. वर आकाश निळं का दिसतं याचा खुलासा, खाली ‘जयंत नारळीकर’.