‘सुहेली’, ‘म्हादेई’ आणि सोलापूरचे वालचंद

‘सुहेली’ आणि ‘म्हादेई’ या शिडाच्या दोन बोटी शेजारी ठेवल्या तर पाहणारा आधी लांबीच मोजणार. पहिली 32 फुटी, सगळी सागवानाची, 1964 साली मुंबईत पाण्यात उतरलेली. दुसरी 56 फुटी, लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लास चढवलेली, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधून 2009 साली नौदलाच्या ताब्यात गेलेली. पहिलीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिलेच. दुसरीतून दिलीप दोंदे चार बंदरं घेत आणि नंतर अभिलाष टॉमी न थांबता जग फिरून मुंबईत परतले. मधल्या पंचेचाळीस वर्षांना प्रगती म्हणून मोकळं होता येतं. पण बांधणाऱ्या हातांत एवढा फरक नव्हता. फरक होता तो बोट बांधायला सांगणाऱ्यात. सोलापूरकरांना हे पटायला जड जाऊ नये, कारण हाच खेळ त्यांच्या गावचे वालचंद हिराचंद आधी खेळून चुकले होते.

वालचंदांचा जन्म 1882 सालचा, सोलापूरचा. नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांबरोबर त्यांनी 1919 मध्ये सिंदिया जहाज कंपनी काढली, तेव्हा हाताशी आलं ते 1891 साली ब्रिटनमध्ये बांधलेलं, ग्वाल्हेरच्या महाराजांकडचं जुनं जहाज, ‘लॉयल्टी’. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. आपला राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेचा. जहाज मात्र पांढरा हत्ती ठरलं आणि 1923 मध्ये मोडीत निघालं. त्याच सुमारास लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं होतं. स्वतःच्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेलं ‘जलउषा’ पाण्यात सोडायला 14 मार्च 1948 उजाडला. विकत घेतलेल्या जहाजापासून बांधलेल्या जहाजापर्यंत एकोणतीस वर्षं गेली.

आता गंमत पाहा. नॉक्स-जॉन्स्टन हे त्याच ब्रिटिश इंडिया कंपनीचे अधिकारी. बोट हवी म्हणून त्यांनी नकाशे बाहेरून मागवले, पण बांधणी मुंबईच्या सुतारांकडे दिली. त्या सुतारांनी वाकस आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायचा सामता असल्या जुन्या हत्यारांनी सागवान घडवलं. त्या कामाची परीक्षा अटलांटिकमध्ये झाली. तळाच्या कण्यालगतच्या फटींतून पाणी येऊ लागलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन स्वतः समुद्रात उतरले, बुड्या मारून फटींत कापूस ठोसायचा प्रयत्न केला, तो टिकेना म्हणून कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून, तिला डांबर लावून ती खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याची पट्टी मारली. गळती आटोक्यात आली. फळ्यांची बोट एकट्या माणसाला, साध्या सामानानिशी, भर समुद्रात दुरुस्त करता येते. फायबरग्लासच्या बोटीला असले सांधेच नसतात, पण ती फुटली तर कापूस-खिळ्यांनी भागत नाही. (कापडगिरण्यांच्या सोलापूरला कापसाचा हा उपयोग ठाऊक असायचं कारण नाही.)

यावर कुणी म्हणेल, वेगाचं काय? नॉक्स-जॉन्स्टनना 312 दिवस लागले, टॉमींना सुमारे दीडशे. पण मार्ग एक नव्हता. फालमथहून फालमथपर्यंत सुमारे 30 हजार सागरी मैल होतात, मुंबईहून मुंबईपर्यंत सुमारे 23 हजार. म्हणजे दिवसाला एकीचे 96 मैल, दुसरीचे 153. दीडपटीहून थोडं जास्त. बोटीचा वेग ढोबळमानाने पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्या हिशेबाने 32 चे 56 फूट झाले की तीसेक टक्के आपोआपच मिळतात. उरलेलं श्रेय हलका सांगाडा, शिडं आणि उपकरणं यांना द्यायला हरकत नाही. तेवढी प्रगती खरीच आहे. दुसरा आक्षेप असा की ‘सुहेली’चा आराखडा परका, सुतारांनी फक्त रंधा मारला. मग ‘म्हादेई’चा आराखडाही परकाच, डच आहे, त्या न्यायाने दोघींनाही नापास करावं लागेल.

फरक बोट बांधायला सांगणाऱ्यात असतो, याचा खरा पुरावा या दोघींच्या मधल्या काळात आहे. 1985 ते 1987 या काळात भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’तून जगप्रदक्षिणा केली, भारतीयांची पहिलीच. ती 37 फुटी बोट ब्रिटनमधून आणलेली जुनी. मुंबईत बांधलेली बोट सोळा वर्षांपूर्वी जग फिरून आलेली असताना! जुनी बोट स्वस्तात आणि लगेच मिळते, हे कारण रास्तच. 1919 मध्ये वालचंदांपुढेही तोच हिशेब होता. पण विकत घेतलेल्या बोटीतून खलाशी तयार होतात, गोदी तयार होत नाही. दांडेकरांनीही ‘म्हादेई’पूर्वी या जातीची बोट बांधलेली नव्हती. त्यांच्याकडे काम गेलं, कारण निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ‘सागर परिक्रमा’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने जग फिरण्याच्या मोहिमेचा हट्ट धरला आणि नौदलाने पैसे मोजले. आवटी राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीला, सोलापूर जिल्ह्याच्या शिवेपासून फार लांब नाही. कोकणपट्टीतच दर्याची ओढ असते असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सरकारी तिजोरी पाठीशी असलेल्या ‘म्हादेई’ची बरोबरी पदरमोड करून उभ्या राहिलेल्या ‘सुहेली’शी करणं अन्यायाचं आहे, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ‘सुहेली’चं यश एका माणसाच्या खिशातून आलं, म्हणून तिच्यामागे तशी दुसरी बोट मुंबईत बांधली गेली नाही. ‘म्हादेई’मागे त्याच आराखड्याची ‘तारिणी’ आली आणि 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. 2017 मध्येच दांडेकरांच्या कारखान्यातून टॉमींसाठी ‘थुरिया’ही उतरली, ती मात्र ‘सुहेली’च्या जुन्या आराखड्यावर बेतलेली. पुढच्या वर्षी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि जखमी टॉमींना फ्रेंच जहाजाने सोडवलं. तोवर गोव्यातल्या एका कारखान्यात दोन्ही जातींच्या बोटी बांधून झाल्या होत्या.