शालेय तंबाखूविरोधी मोहीम

शालेय तंबाखूविरोधी मोहीम म्हणजे विद्यार्थ्यांनी विडी, सिगारेट, गुटखा इत्यादी तंबाखूजन्य पदार्थांच्या सेवनास सुरुवातच करू नये, यासाठी शाळेमार्फत राबविला जाणारा कार्यक्रम होय. वर्गातील अध्यापन, शाळेच्या परिसरातील निर्बंध आणि पालकांचा सहभाग ही या मोहिमेची प्रमुख अंगे आहेत.

व्यसनाची सुरुवात

तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य व्यसनकारक असून, मेंदूची वाढ पूर्ण न झालेल्या कुमारवयात त्याची सवय लवकर जडते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत होते. मुलांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के, तर मुलींमध्ये ७.४ टक्के होते. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ५२ टक्के विद्यार्थ्यांनी वयाच्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच सुरुवात केली होती. त्यामुळे माध्यमिक वर्गांत सुरू होणारी मोहीम अनेकांच्या बाबतीत उशिराची ठरते.

महाराष्ट्रातील स्थिती

२०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. मशेरी, तंबाखू-चुना, विदर्भातील खर्रा हे पदार्थ पुष्कळ घरांत मुलांच्या डोळ्यांसमोरच वापरले जातात. म्हणून केवळ सिगारेटविरोधी प्रचार येथे अपुरा पडतो.

कायदेशीर तरतुदी

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ च्या कलम ६ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आत त्यांची विक्री करण्यास मनाई आहे. या कलमाच्या भंगासाठी कमाल २०० रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मात्र बालकास असे पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी कठोर शिक्षा आहे. २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या उत्पादनावर व विक्रीवर देशभर बंदी आली. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. प्रवेशद्वारावर फलक लावणे, १०० यार्डांची सीमा पिवळ्या रेषेने दर्शविणे आणि देखरेखीसाठी व्यक्ती नेमणे यांचा त्यांत समावेश आहे.

परिणामकारकता

अशा मोहिमांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय जिल्ह्यांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात मुलांना इयत्ता तिसरीपासून दहावीपर्यंत धडे देण्यात आले. समवयस्कांचा दबाव व जाहिरातींचा प्रभाव ओळखून नकार देण्याचे कौशल्यही त्यांत शिकविले होते. तथापि २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, हे धडे घेतलेल्या व न घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या धूम्रपानात लक्षणीय फरक आढळला नाही.

याउलट दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांमध्ये २००४ ते २००६ या काळात झालेल्या प्रयोगात वर्गातील उपक्रमांना भित्तिपत्रके, पालकांचा सहभाग आणि विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाखालील कृती यांची जोड देण्यात आली. दोन वर्षांत मोहीम नसलेल्या शाळांत तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले, तर मोहीम राबविलेल्या शाळांत ते १७ टक्क्यांनी घटले.

दोन्ही अभ्यासांतील देश, काळ व वयोगट भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही वर्गातील पाठ एकाकी राहिल्यास त्याचा प्रभाव मर्यादित राहू शकतो, असे त्यांवरून दिसते. पुढे कधीतरी होणाऱ्या कर्करोगाची भीती कुमारवयीनांना दूरची वाटते. खेळताना लागणारी धाप, दातांवरील डाग व तोंडाची दुर्गंधी हे तात्कालिक परिणाम त्यांना अधिक जवळचे वाटतात. शिक्षक स्वतः तंबाखू खात असल्यास किंवा फाटकासमोरच पानटपरी असल्यास शाळेतील उपदेश निष्प्रभ ठरण्याची शक्यता असते.