उभयान्वयी अव्यये व विरामचिन्हे (इंग्रजी)

इंग्रजी वाक्यात दोन शब्द, पदबंध किंवा वाक्ये जोडणाऱ्या अव्ययांजवळ स्वल्पविराम कधी द्यावा आणि कधी टाळावा, याचे संकेत. वाचताना जिथे श्वास घ्यावा तिथे स्वल्पविराम द्यावा, ही शाळेतली शिकवण इथे फारशी उपयोगी पडत नाही. अव्ययाच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे पाहावे लागते.

प्रधानत्वसूचक अव्यये सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. आद्याक्षरे जुळवून ‘फॅनबॉइज’ अशी खूण पाठ करवून घेतात. दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता असलेली पूर्ण वाक्ये असली, तर अव्ययाआधी स्वल्पविराम येतो: ‘शी कॉल्ड, बट ही डिड नॉट आन्सर.’ कर्ता एकच असेल तर सहसा येत नाही: ‘शी कॉल्ड अँड वेटेड.’ वाक्ये अगदी छोटी असली, तर पहिल्या प्रकारातही तो गाळलेला चालतो. अव्यय न वापरता नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्ये जोडणे (कॉमा स्प्लाइस) मात्र दोष मानतात.

गौणत्वसूचक अव्ययांत (इफ, व्हेन, ऑल्दो, बिकॉज) क्रम महत्त्वाचा. गौण वाक्य आधी आले की त्यानंतर स्वल्पविराम. मागून आले की बहुधा नाही. ‘बिकॉज’ आणि नकार एकत्र आले, की प्रकरण नाजूक होते. ‘ही डिडन्ट रिझाइन बिकॉज ही वॉज अफ्रेड’ याचे दोन अर्थ निघतात: भीतीपोटी त्याने राजीनामा दिला नाही, किंवा राजीनामा दिला, पण कारण भीती नव्हते. ‘बिकॉज’आधी स्वल्पविराम दिला, की पहिलाच अर्थ उरतो. अशा ठिकाणी वाक्यच बदलणे शहाणपणाचे.

मराठी भाषकांच्या इंग्रजीत दोन लकबी हमखास दिसतात. ‘जरी–तरी’ या जोडीच्या सवयीने ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ही येते, इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरते. दुसरी, ‘तो म्हणाला, की’ या वळणाने ‘दॅट’आधी दिलेला स्वल्पविराम. ‘ही सेड दॅट’मध्ये त्याला जागा नाही.

‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ अर्थाने ‘बट’ व ‘सो’च्या जवळचे, म्हणून फसवे. ती क्रियाविशेषणे आहेत. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ती आली, तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो आणि नंतर स्वल्पविराम.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधीचा स्वल्पविराम म्हणजे ‘ऑक्सफर्ड कॉमा’. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाची शैली आणि अमेरिकेतील ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ तो वापरतात. असोसिएटेड प्रेसची शैली साध्या यादीत तो गाळते. वाद हौशी वाटतो, पण अमेरिकेतील मेन राज्यात तो न्यायालयात गेला. नाशवंत मालावरील ज्या कामांना तिथल्या कायद्याने जादा कामाच्या वाढीव वेतनातून वगळले होते, त्यांच्या यादीचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा होता. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वगळले आहे ते फक्त पॅकिंग, माल पोचवणे नव्हे, असे ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचे म्हणणे. मार्च 2017 मध्ये फर्स्ट सर्किट अपील न्यायालयाने कलम संदिग्ध ठरवून कौल चालकांच्या बाजूने दिला; पुढल्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळाने कलम दुरुस्त करताना कामांच्या मध्ये अर्धविराम घातले. स्वल्पविरामाच्या भानगडीतच ते पडले नाही!

‘अँड’ वा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये हा निव्वळ वर्गातला दंडक होय. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्याच अध्यायात बहुतेक वचने ‘अँड’ने सुरू होतात. अशा ‘बट’नंतर स्वल्पविराम देण्याची सवय मात्र सोडावी, लगेच एखादा अंतर्गत वाक्यांश येत असेल तरच तो योग्य.