पाळी : कुळवाची, गिरणीची आणि पाण्याची

परळ-लालबागच्या गिरणी कामगारांचा इतिहास बहुधा भोंगा, चाळ, संघटना व संप ह्यांच्या आधारे लिहिला जातो. ह्या कामगारांपैकी अनेकांची शेते सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील अवर्षणी तालुक्यांत होती, ही गोष्ट त्यात प्रस्तावनेपुरतीच येते. वस्तुतः गावकीच्या खोलीत राहून रात्रपाळी करणाऱ्याच्या पगारातून गावाकडे बी-बियाणे येई, आणि सुगी बुडाली की त्याच घरातला दुसरा मुलगा मुंबईची वाट धरी. जिरायत शेतीचा विचार गिरणगावाला वगळून करता येत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'जिरायत' ह्या शब्दाविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पाणी 'जिरण्या'शी त्याचा संबंध नाही. तो अरबीतून फारसीमार्गे आला असून त्याचा मूळ अर्थ केवळ 'शेती' असा आहे. बागायतीच्या जोडीने वापरला जाऊ लागल्यावर तो पावसावरच्या शेतीपुरता संकोचला. तथापि लोकांनी जोडलेले नाते अगदीच निरर्थक नव्हे; ह्या शेतीचे सारे शास्त्र पाणी जिरवण्याचेच आहे.

त्या शास्त्राची पद्धतशीर मांडणी मुंबई इलाख्यात १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाली. १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. ना. वि. कानिटकर ह्यांच्या नावाशी निगडित असलेली 'मुंबई कोरडवाहू पद्धत' ह्या प्रयत्नांतून सिद्ध झाली. बांध घालून वाहते पाणी शेतातच थोपवावे, पावसाळ्यात वाफसा येताच कुळवाच्या पाळ्या घालून ओल राखावी व तण मारावे, बी विरळ पेरावे, दोन ओळींत सुमारे १८ इंच अंतर ठेवावे आणि कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, असे तिचे स्वरूप होते. पद्धत शास्त्रशुद्ध होती, परंतु उत्पन्नात पडणारी भर बेताचीच राहिली. बैल व मजुरी ह्यांचा खर्च ज्याला झेपत नव्हता, त्याने ती पुरी स्वीकारली नाही. शिवाय तिचा विचार मुख्यतः एकेका शेताचा होता. ओढ्याच्या पाण्यावर कोणाचा किती अधिकार, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता.

तो प्रश्न पुढे ज्यांनी उभा केला, त्यांत गिरणी कामगारही होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मिळकत थांबल्यावर अनेक जण गावी परतले. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात परतलेल्या अशा कामगारांना पुढे दुष्काळ व रोजगार हमीची खडी फोडणे वाट्यास आले. भारत पाटणकर प्रभृतींच्या मुक्ती संघर्ष चळवळीने येथे विचारले, की ह्याच श्रमातून दुष्काळ हटवणारी कामे का होऊ नयेत? संपाच्या धामधुमीत वाढलेल्या माणसांना असा प्रश्न सुचावा, ह्यात नवल नाही.

येरळा नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी व तांदुळवाडी येथील लोकांनी त्या उपशास विरोध केला. नंतर मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधण्याचे ठरवले. सरकारची परवानगी सहजी मिळाली नाही, तिच्यासाठी लढावे लागले. धरणाच्या रचनेस अभियंता के. आर. दाते ह्यांचे साहाय्य लाभले. पाण्याचा वाटा भूमिहीनांसह सर्वांना समान, हे त्याचे वैशिष्ट्य. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी १९७४ पासून चालवलेल्या पाणी पंचायतीनेही जमिनीच्या क्षेत्राऐवजी माणसागणिक पाणी मोजले होते.

ह्या वाटणीमागे केवळ न्यायबुद्धी नव्हती, पिकाचे गणितही होते. रब्बी ज्वारी पोटरीत असताना मिळालेली पाण्याची एक पाळी उताऱ्यात मोठा फरक पाडते. बारमाही उसाला लागणाऱ्या पाण्यात अशा ज्वारीचे कितीतरी पट क्षेत्र भिजते.

कुळवाची पाळी, पाण्याची पाळी, गिरणीतील रात्रपाळी : मराठीने तिन्ही ठिकाणी एकच शब्द योजला आहे. कुळवाच्या पाळीत फेऱ्याचा अर्थ प्रधान आहे, उरलेल्या दोहोंत क्रमाने येणाऱ्या वाट्याचा. खानापूरच्या कामगाराला हे तिन्ही प्रयोग एकाच आयुष्यात करावे लागले.