निमआराम : एसटीच्या उंच पाठीची कुळकथा

पनवेलहून एक वाट बोरघाटाकडे वळते आणि दुसरी कोकणात उतरते. त्यामुळे साध्या लाल गाडीपासून हिरकणी, शिवशाहीपर्यंत एसटीची जवळजवळ सगळी भावंडं इथे पाहायला मिळतात. त्यांचे रंग वेगळे, तिकिटं वेगळी. पण त्यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक प्रवाशाच्या पाठीला कळतो : सीटची पाठ कुठवर येते, आणि ती कलते की नाही. आज आपण सहज ‘पुशबॅक’ म्हणतो त्या सीटला इथवर यायला फार वेळ लागला. तिची पाठ कंबरेपासून खांद्यापर्यंत आणि खांद्यापासून डोक्यापर्यंत चढत गेली, आणि प्रत्येक टप्प्याला तिच्याबरोबर भाडंही चढलं.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने खाडीतून पनवेलला येई आणि इथून पुढची वाट जमिनीवरून धरी. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदराला येऊ लागला. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. गाड्यांची चाकं बनवण्यासाठी हे गाव नावाजलेलं होतं. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत गेला, १८६३ मध्ये तो बोरघाट चढला आणि पुण्याचा प्रवासी पनवेलच्या वाटेवरून कमी झाला.

या बैलगाड्यांचं चाक मजबूत असे, पण बसणाऱ्याच्या पाठीचा विचार गाडीत नव्हता. माणसं मालासारखीच साटीवर बसत. पेंढा अंथरला तर बुडाला थोडं मऊ लागे, आणि पाठ टेकायला बाजूचा तट्ट्या किंवा शेजारचं बोचकं. पाठीला खरा आधार होता तो पालखीत. तिथे लोड असे. बसायचं असेल तेव्हा तो कंबरेशी ओढावा, रेलायचं असेल तेव्हा खांद्यांखाली सारावा. हवा तसा हलवता येणारा पाठीचा टेकू आपल्याकडे जुनाच होता; फक्त तो मोजक्यांच्या वाट्याला येई. टांग्याने पाठीला एक आडवी फळी दिली, तीही कंबरेच्या थोडी वर संपणारी.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली एसटी धावली. तीस आसनांची ती गाडी लाकडी बांध्याची होती आणि तिची आसनं काथ्याची होती. काथ्या हवेशीर, स्वस्त आणि आपल्याच किनाऱ्यावरचा. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे–महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ अशा दोन आरामगाड्या आल्या. त्यांत दोन-दोनची आसनं होती, पडदे होते, घड्याळ होतं आणि हिरवट काचाही होत्या. म्हणजे रस्त्यावरच्या प्रवासात आराम देता येतो हे एसटीला पहिल्यापासून माहीत होतं. मात्र तो थंड हवेच्या ठिकाणी निघालेल्यांसाठी होता.

साध्या गाडीत सीटची पाठ ठेंगणीच राहिली, आणि त्याला कारणं होती. उभ्या प्रवाशाला धरायला सीटच्या माथ्यावरची नळी हाताशी हवी. कंडक्टरला गाडीच्या टोकापर्यंत नजर टाकता यायला हवी. वारा खेळायला हवा, वजन आणि खर्च आटोक्यात हवा. ही सगळी कारणं रास्त आहेत. पण अशी पाठ खवाट्यांच्या आसपास संपते आणि माथ्यावरची नळी नेमकी तिथेच रुतते. कंबर टेकलेली, पण छाती, खांदे आणि डोकं यांचा भार मानेचे आणि पाठीचे स्नायू तोलतात. डुलकी लागली की ते स्नायू सैल पडतात, मान पुढे कोसळते आणि पुढच्या खड्ड्याला दचकून वर येते. पनवेल ते महाड जाईपर्यंत हे कितीदा तरी होतं.

या कथेला वळण मिळालं १९८२ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथल्या पाहुण्यांच्या ने-आणीसाठी एसटीने निमआराम गाड्या बांधून दिल्या. स्पर्धा आटोपल्यावर तशा गाड्या दादर–पुणे मार्गावर धावू लागल्या आणि लोकांनी त्यांना ‘एशियाड’ हेच नाव देऊन टाकलं. दोन-दोनची आसनं आणि खांद्याच्या वर जाणारी पाठ ही त्यांची ओळख. पनवेल या गाड्यांच्या वाटेवरच होतं. पुण्यात नोकरी आणि मुंबईत घर असलेल्यांना, उपचारासाठी निघालेल्या म्हाताऱ्यांना, माहेरी चाललेल्या लेकुरवाळ्या बायकांना उंच पाठीची सीट एसटीच्या भाड्यात मिळाली. पुढे या निमआराम सेवेला रायगडच्या हिरकणीचं नाव मिळालं. द्रुतगती मार्ग झाल्यावर शिवनेरी आली, २०१७ मध्ये शिवशाही आली आणि मागे कलणारी सीट लांबच्या प्रवासात रुळली.

कलण्याची युक्ती मात्र बसच्या आधीची आहे. विल्यम मॉरिस यांच्या इंग्लंडमधल्या कंपनीने १८६० च्या दशकात एक खुर्ची विकायला काढली, तिच्या पाठीमागे आडवी दांडी होती. ती एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवली की पाठ अधिक कले. ओसरीवरची कॅनव्हासची आरामखुर्चीही याच तत्त्वावर चालते : दांडी, खाचा आणि उतरणारं कापड. पण खाचा बदलायला उठावं लागतं आणि धावत्या गाडीत ते जमत नाही. म्हणून बसच्या सीटखाली कळ आली. एका प्रकारात दांड्याभोवती स्प्रिंगचा आवळलेला वेढा असतो. कळ दाबली की तो सैल होतो, दांडा सरकतो आणि कळ सोडली की वेढा पुन्हा आवळून पाठ तिथेच थांबते. दुसऱ्या प्रकारात हेच काम दाबाने भरलेल्या वायूची नळी करते. दोन्हींत प्रवाशाला बसल्या जागी आपला कोन ठरवता येतो.

हा कोन का लागतो, याचं शास्त्रही एसटीच्याच काळात उभं राहिलं. एसटी सुरू झाली त्याच १९४८ मध्ये बेंग्ट ऑकरब्लोम या स्वीडिश डॉक्टरांचा उभं राहण्याच्या आणि बसण्याच्या ढबीवरचा ग्रंथ आला. खुर्चीने कंबरेच्या बाकाला आधार द्यावा, हे त्यांनी ठासून मांडलं. पुढे स्वीडनमध्येच आल्फ नाकेमसन आणि गुन्नार अँडरसन यांनी मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब प्रत्यक्ष सुईने मोजला. पाठ मागे कलली आणि कंबरेला टेकू मिळाला की चकतीवरचा दाब उतरतो, असं अँडरसन यांच्या सत्तरच्या दशकातल्या मोजमापांत दिसलं. दाब उतरतो, कारण धडाचा भार मणक्यांवरून सीटच्या पाठीवर जातो. जितकं मागे रेलावं, तितका हा भार खवाट्यांच्या पट्ट्यात येतो. म्हणून कलणाऱ्या सीटची पाठ ठेंगणी असून चालत नाही. वरच्या पाठीला टेकू नसेल तर कललेला माणूस मान ताणूनच बसतो.

एवढ्यानेही काम संपत नाही. वरची पाठ मुळात बाहेरच्या बाजूला बाकदार असते. सीटची पाठ तिथे किंचित खोल हवी आणि डोक्याजवळ पुन्हा पुढे यायला हवी. पण किती उंचीवर? अनेक गाड्यांत मानेसाठी दिलेला फुगवटा ठरावीक जागी शिवलेला असतो. उंच माणसाच्या तो मानेत बसतो, बुटक्या बाईच्या डोक्याला पुढे ढकलतो आणि तिचे खांदे अधांतरी राहतात. म्हणून माणसं मोजावी लागतात, आणि आपली माणसं मोजावी लागतात. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरमापांचा संग्रह १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून प्रसिद्ध केला. अशा मापांशिवाय सीट बांधणं म्हणजे परदेशी पाठीसाठी शिवलेला सदरा आपल्या अंगावर चढवणं. फुगवटा वर-खाली सरकणारा केला, कमरेची उशी आत-बाहेर होणारी केली आणि बैठकीचा पुढचा काठ जरा उचलला, तर एकच सीट निरनिराळ्या पाठींना बसते. काठ उचलायचा तो कललेला माणूस पुढे घसरू नये म्हणून.

आपल्या बसबांधणीच्या नियमांत साधी, सेमी-डिलक्स आणि डिलक्स असे आरामाचे दर्जे केलेले आहेत. शरीराला साजेशी घडवलेली सीट सेमी-डिलक्सपासून सुरू होते आणि हलवता येणारी पाठ डिलक्सपासून. इथे माझं ठाम म्हणणं आहे. पडदे, थंड हवा, चार्जिंगची सोय यांचे दर्जे खुशाल असावेत. पण मणके तिकिटाप्रमाणे बदलत नाहीत. सर्वांत वाईट रस्त्यांवर, सर्वांत जास्त थांबे घेत साधी गाडीच जाते, आणि तिच्यात पाठ दुखणारी, दिवसभर ओझी वाहिलेली माणसंच जास्त असतात.

साध्या गाडीला कळ आणि वायूची नळी नसली तरी चालेल. सीटची पाठ खवाट्यांच्या वर न्यावी, कायमची थोडी मागे कललेली बसवावी, माथ्यावरची नळी मागच्या बाजूला वळवावी आणि उभ्यांसाठी बाजूला मूठ द्यावी. त्यासाठी थोडा जास्त पत्रा, थोडा जास्त फोम आणि आपल्याच लोकांच्या मापांची एक मोजपट्टी लागते. एशियाडने उंच पाठ पाहुण्यांकडून पुण्या-मुंबईच्या नोकरदारापर्यंत आणली. ती आता माणगाव-महाडच्या साध्या गाडीत पोचवणं हे एसटीचं राहिलेलं काम आहे, आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या तिच्या कार्यशाळांना ते करता येण्यासारखं आहे.